कबरीची खोट

नंदनवन, नागपूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५, सकाळ

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. म्हणजे लिहायची पद्धत आहे म्हणून. अंग आता पूर्वीसारखं वाकत नाही, आणि तुझ्यापुढे तर मुळीच नाही.

इकडे सगळं ठीक. थंडी पडायला लागली आहे. भाऊजींचा गुडघा कसा आहे? रितिका कालपासून माझ्याकडेच आहे, तुला माहीत आहेच. अजून पांघरूण ओढून झोपली आहे. दुपारी पाहुणे यायच्या आत ती घरी पोचेल, साडी नेसून, वेणी घालून. त्याची काळजी करू नकोस.

हे पत्र घेऊन आलेला मुलगा प्रशिक. त्याला आत बसव, चहा दे. नाव विचार, आडनाव विचारू नकोस.

तू म्हणशील, एका गावात राहून पत्र काहून? फोनवर तुझा हात चांगला बसलेला आहे ताई, माझा नाही. तू मधेच बोलतेस आणि मी "बरं" म्हणते. बुधवारीही तेच झालं. तू म्हणालीस, "मिने, रविवारी वर्ध्याचे पाहुणे येऊन राहिले, रितिकाले पाहायले. तू त्या दिवशी नको येऊ. वाईट नको वाटून घेऊ, पण लोकांची नजर आधी हातावर जाते." मी बरं म्हणाले. फोन ठेवला आणि माझ्या हातांकडे पाहिलं. लॅबच्या काउंटरवर लोक पैसे माझ्या हातात देत नाहीत, समोर काचेवर ठेवतात. त्याची सवय झाली. तुझी नाही झाली.

असो. आधी बाकीच्या गोष्टी सांगते.

रितिका दर रविवारी माझी सोबत करायला येते असं तुला वाटतं. चूक. आम्ही दोघी तिच्या गाडीवर इतवारीत जातो आणि खेळतो. हसू नकोस. तिच्या कॉलेजातला हर्षित, त्याच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान आहे, त्याच्या माडीवर चार-पाच जण जमतात, प्रशिकही त्यातलाच. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. जंगल, राक्षस, जादूटोणा, सगळं तोंडी. तुम्ही म्हणायचं, मी नदीत उडी मारते. उडी जमली की बुडालात, ते फासा ठरवतो. फासाही साधा नाही, वीस बाजूंचा. पलंगाखाली घरंगळू नये म्हणून पितळेच्या परातीत टाकतात, आणि खालच्या गल्लीपर्यंत खणखणाट जातो.

पहिल्या दिवशी हर्षित म्हणाला, "मावशी, आधी तुमचं पात्र बनवा." मी आजूबाजूला पाहिलं. गंज, कढया, डबे, छतापर्यंत. म्हटलं, "बाबा, इतकी पात्रं असताना अजून कायले?" पोट्टे हसून हसून लोळले. मग कळलं, गोष्टीतलं पात्र. नाव, रूप, ताकद, सगळं आपण ठरवायचं.

मी नवखी. मला वाटलं, जिला सगळ्यांनी मिळून मारायचं ती बनवायची आहे. कागद घेतला आणि काय भराभर लिहिलं म्हणून सांगू! राणी पुष्पावती. गोरीपान. आवाज मधासारखा. हत्यार काही नाही, जीभ हेच हत्यार. दुसऱ्याचं भलं करायला निघते आणि येताना त्याचं घर पेटवून येते. हर्षितनं वाचलं, म्हणाला, "भल्ली डेंजर बनवली मावशी! पण हिले मारायचं नाही, तुम्हालेच ही व्हायचं आहे. दर रविवारी हिच्या तोंडानं बोलायचं."

अरे बाप्पा! मला घाम फुटला. म्हटलं, "मी? हिच्या तोंडानं? फाड तो कागद."

रितिका शेजारीच बसली होती. तिनं तुला त्या कागदात ओळखलं होतं, ताई. नवा कागद तेवढा पुढे सरकवून मोकळी झाली.

दुसरं पात्र माझं जमलं. लढवय्यी बाई, अंगभर पांढरे डाग, आणि प्रत्येक डागात चांदणं साठवलेलं. अंधारात तिला दिवा लागत नाही. नाव ठेवलं कबरी. हे नाव तूच ठेवलं होतंस, आठवतं? माझ्या घोट्यावर पहिला डाग आला होता. मी शाळेतून येत होते आणि तू फाटकातून ओरडलीस, "आली वं आपली कबरी!" आईनं तुझ्या पाठीत धपाटा घातला, पण तोवर नाव गल्लीभर झालं होतं.

मग हर्षित म्हणाला, "आता खोट." म्हटलं, म्हणजे? म्हणे ज्याच्यात खोट नाही ते पात्र खेळायला मजा नाही. पण त्यांच्यात एक नियम आहे. आपली खोट आपण लिहायची नाही, शेजारी बसलेल्यानं लिहायची, कारण आपली आपल्याला दिसत नाही. आणि खेळताना जो आपली खोट लपवत नाही, उघड वापरतो, त्याला एक फासा जास्त टाकायला मिळतो.

खोट हा शब्द ऐकून माझे कान तापले. का, ते पुढे सांगते. मला वाटलं, रितिका काय लिहिणार, अंगावरचे डाग लिहिणार. तिनं लिहिलं, "ही कोणाले माफ करत नाही." सगळे हसले. मीही हसले. मनात म्हटलं, या पोट्टीनं पाहिलं बरोबर.

तिची तलवारवाली, बिजली नाव. तिची खोट मी लिहिली, "आईचा आवाज ऐकला की हातातली तलवार गळून पडते." गंमत म्हणून लिहिली होती. पण हर्षितनं नदीकाठी एक जखीण बसवली, ती आईच्या आवाजात हाका मारायची, आणि दर वेळी बिजलीची तलवार खाली. तिसऱ्या-चौथ्या रविवारी रितिका खरंच रडकुंडीला आली. तेव्हा मला वाटलं, हे काही नुसतं खेळातलं नाही.

आता सौरवचं.

कुठला सौरव म्हणू नकोस. सावनेरचा सौरव, तुझ्या नणंदेचा नवरा. मोनालीचा नवरा व्हायच्या आधी तो माझा होणार होता. डाग तेव्हा फक्त घोट्यावर होता. मी त्याला फुटाळा तलावाच्या काठावर नेऊन, सँडल काढून दाखवला होता. तो म्हणाला, "मग काय झालं? घोटाच तर आहे." तारीख काढायची तेवढी बाकी होती. आणि तू त्याच्या वडिलांना, वामनरावांना, फोन केलास. "मुलीत खोट आहे. उद्या म्हणाल, सांगितलं नाही."

मला सांगितलंस, पत्रिका जुळत नाही म्हणतात. माझ्याबरोबर रडलीस सुद्धा. मग वर्ष उलटायच्या आत मोनालीच्या लग्नाची पत्रिका माझ्या हातात दिलीस, हळदीकुंकू लावून. त्या पंगतीत मठ्ठा मी वाढत होते. तुझ्या वाटीत मीच वाढला.

इतकी वर्षं तुला वाटलं, मिनलला काही माहीत नाही. सौरवनं मला लग्नाआधीच सांगितलं होतं, लॅबच्या बाहेर उभं राहून, मान खाली घालून. "तुमच्या ताईचाच फोन होता." त्याच्यावर माझा राग नाही, तो बापाला भिणारा माणूस, त्याच्याकडे तलवारच नव्हती. राग तुझ्यावर आहे. आईच्या आजारपणात आपण दोघी एका सतरंजीवर झोपलो तेव्हाही होता. दर दिवाळीला तुझ्या हातचे अनारसे खाताना होता. ते गोड होते, हेही सांगते.

आणि आता ते, जे लिहायला मी इतका वेळ भांडी-फासे करत बसले.

गेल्या रविवारी खेळ संपला. आम्ही खाली आलो. रितिकानं गाडीला किल्ली लावली आणि काढली. मग मनगटावरचं घड्याळ सोडलं. तो रुंद पट्टा हिनं मध्यंतरी अचानक का घेतला, मला कधी कळलं नव्हतं. पट्ट्याखाली चिंचोक्याएवढा पांढरा डाग. मी रोज अंगावर बघते, मला विचारायची गरज नव्हती. डॉक्टरला तिनं एकटीनंच दाखवलं होतं. तेच आहे.

ताई, मला आनंद झाला.

लिहून देते. पहिला क्षण आनंदाचा होता. वाटलं, बस्स, देवानं हिशेब केला. पुष्पलताच्या घरात, पुष्पलताच्या लेकीला! मग पोरगी म्हणाली, "मावशी, माहंही मोडन का वं?" आणि माझ्या आनंदाला आग लागली. तिला मी न्हाऊ घातलंय गं. तिचा पहिला दात माझ्या बोटाला लागला होता.

ती म्हणाली, "आईले सांगू नोको." मी शब्द दिला.

पण शब्द देऊनही राग मरत नाही. वर्ध्याच्या मुलाचा बायोडाटा तूच सगळ्यांना पाठवला होतास, "अशी माणसं शोधून मिळत नाहीत" असं वर लिहून. खाली मुलाच्या आईचा नंबर. बुधवारी तुझा तो "नको येऊ" फोन झाला आणि मी तो नंबर लावला. हो, लावला. वाक्य तोंडात तयार होतं, तुझंच, शब्दाला शब्द. मुलीत खोट आहे. एक रिंग गेली. आणि त्या हर्षितचं बोलणं आठवलं, दर रविवारी हिच्या तोंडानं बोलायचं. मी फोन कापला. सूड तुझा घ्यायचा होता ताई, आणि त्यासाठी तूच व्हावं लागत होतं. तेवढी स्वस्त मी नाही.

पण घेतल्याशिवाय सोडणारीही नाही.

रितिकाला मी काही शिकवलं नाही, काही पढवलं नाही. काल संध्याकाळी तिनं माझ्या स्वयंपाकघरात बसून स्वतः त्या मुलाला फोन केला आणि सांगितलं. घड्याळाखाली काय आहे ते, नाव घेऊन, डॉक्टर काय म्हणाले तेही. तो म्हणाला, आईशी बोलतो. ती उठून भांडी घासत बसली, घासलेलीच पुन्हा. थोड्या वेळानं त्याच्या आईचाच फोन आला. "आम्ही येतो म्हटलं ना, येतो. पोरगी तर पाहू द्या. पुढचं पुढे." होकार देतील की नाही, मला माहीत नाही. पण येतात ते डोळे उघडे ठेवून.

मग प्रश्न उरला तुझा. रितिका म्हणाली, "मावशी, आईसमोर माह्याच्यानं नाही होणार. आवाज ऐकला की माही तलवार पडते. तू कबरीले पाठव." म्हणून हे पत्र. तिनं सांगितल्यावरच लिहिलंय, मघाशी उठल्यावर इथवर वाचून तिनं होकारही दिला आहे. फक्त "आनंद झाला" तिथे ती थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "राहू दे. खरं हाय ना?"

तर आता बघ. वर्ध्याच्या मुलाला माहीत आहे. त्याच्या आईला माहीत आहे. हर्षितला माहीत आहे. तुझ्या सोफ्यावर चहा पीत बसलेल्या त्या प्रशिकलाही माहीत आहे. माझं लग्न मोडलं तेव्हा सावनेरपासून तुझ्या सासरपर्यंत सगळ्यांना कारण ठाऊक होतं, मलेच शेवटी कळलं. आता तुह्या पोटच्या पोरीचं तुले शेवटी कळून राहिलं. कसं वाटते वं ताई? गार पडले ना हातपाय? माहेही पडले होते. घे, बस, पाणी पी.

शुद्ध लिहिता लिहिता घसरली मी. घसरू दे.

चार वाजता मी येणार आहे. न बोलावता. निळी साडी, अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज. चहाचा ट्रे मी आणणार, म्हणजे नजर आधी हातांवरच जाईल आणि जिची जायची तिची एकदाची जाऊन मोकळी होईल. रितिका घड्याळ माझ्याकडे ठेवून येते आहे. तिला पाहून तुझा आवाज चढला नाही तर बरं. तिला जवळ घेतलंस तर त्याहून बरं, पण तेवढी आशा मी ठेवत नाही, ती ठेवते.

आणि मी तुझ्या शेजारी बसणार. शेजारी बसलेल्यानं खोट लिहायची असते. तुझी मी लिहून पदरात बांधून आणते आहे, सावनेरच्या फोनसकट. ती पाहुण्यांसमोर वाचायची की तशीच घरी परत न्यायची, हे तू पोरीला पहिली हाक कशी मारतेस त्यावर आहे.

माझी खोट मी लपवत नाही. एक फासा मला जास्त आहे.

माफ न केलेली, न करणारी,
तुझी धाकटी,
कबरी