हलव्यासाठी बदली

आत्याबाई, सगळ्या गल्लीला मी तोंडानं पुरून उरले, सासू म्हणून तुमच्यापुढं मात्र गप्प राहिले. आता कागदावर बोलते. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, नावं ठेवू नका.

दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. तुमचा लेक पलटणीत, आपण दोघी सांगलीत एका खोलीत. हळदीच्या वखारीत तुम्ही उमर घातली, धुरळ्यानं खोकला बसला तेव्हा तुमच्या जागेवर मला बसवलंत. दिवसभर हळकुंडं निवडायची आणि मुकादमाची बोलणी खायची. मला त्या कामाचा वीट आला होता. विश्रामबागेत एका घरी हळद पोचवायला गेले, तिथं नवी सून हलव्याचे दागिने घालून बसलेली दिसली आणि डोक्यात किडा शिरला. आपल्यात कुठली ती रीत? पण साखरेला काटा कसा फुटतो ते मला करून बघायचंच होतं. पहाटे थंडीत शेगडीवर परात ठेवायची, तिळावर चमचा चमचा पाक सोडायचा, बोटांनी हलवत राहायचं. साखर रेशनची. तुम्ही गुळाचा चहा पीत म्हणालात, "खायला साखर न्हाई, आन् नटायला हाय. लय शिरीमंत झालो गं आपण."

हलवा जमला, पण पिवळट. हळद बोटांतून निघेना. त्यात विश्रामबागेतल्या त्याच घरच्या बाईंनी माझा नमुना बघून, पुढच्या वर्षी धाकट्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला अख्खा साज सांगितला, पांढराशुभ्र. मी हो म्हटलं आणि मग बोटांकडं बघितलं. हात उजळायला काही दिवस वखारीपासून लांब राहायला हवं, आणि तिथं नवा माल येऊन पडलेला. मुकादम म्हणाला, "रजा न्हाई. घरातलं कोण बदलीला धाड, न्हाईतर जागा गेली." भाकरी थापता थापता तुमच्याकडं पाठ करून मी हे सांगितलं. सकाळी बघते तर तुम्ही नाकाला पदर बांधून दारात.

"आवं आत्याबाई, तुमची छाती."

"माझी हाय न्हवं? तू साखर बघ. करपली तर घरात घ्यायची न्हाई तुला."

तेवढी मी जन्मात कधी भ्याले नाही. हात परातीत आणि कान दाराकडं. आत्ता कुणीतरी सांगत येईल, म्हातारी पडली. संध्याकाळी तुम्ही येता, चौकट धरून खोकता, मी पाणी पुढं करते, आणि तुम्ही पाण्याआधी परातीत डोकावता. "काटा बारीक हाय," म्हणता. एवढंच.

साज गेला, संक्रांत झाली, मी परत वखारीत. तुम्ही पुढं थोडीच वर्षं काढलीत. तुमचा खोकला त्या दिवसांनी वाढला की आधीचाच होता, हे डॉक्टरला विचारायला मी घाबरले. आजही कुणी विचारून येतो म्हणालं तर नको म्हणेन.

पुढं कराड-साताऱ्याहून बायका हलव्यासाठी येऊ लागल्या. म्हणायच्या, एवढी कला हातात, सोडा की ती वखार. मी म्हणायचे, तुमच्या बापाची आहे का वखार? केस पिकेपर्यंत तिथंच हळकुंडं निवडली, आणि बोटांना फडकं गुंडाळून हलवा केला. तसा काटा पुन्हा आला नाही. गिऱ्हाइकांना कळत नाही, मला कळतं.

हा कागद नातीलाही दाखवायची नाही. तिला वाटतं, आजीला हळदीची सवय होती. सवय कसली. अडले तर माझ्या जागी उभं राहील असं एकच माणूस होतं, ते गेलं. मग ती जागा सोडायचं धाडस मला झालं नाही.