लार्चच्या खोडावरची हळद

अण्णा, तुमच्या सुनेनं चीनमधल्या एका डोंगरावर एका झाडाला हळदकुंकू लावलं आणि त्यापायी तुमच्या नातीचं तिथलं काम बंद पडलं आहे. सगळं एका दमात सांगून टाकलं, कारण मी लांबण लावली की तुम्ही पंचांग उघडून बसायचात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही सवय सुटली असेल असं मला वाटत नाही. आम्ही दोघं औंढ्याला परत आलो त्यालाही बरेच दिवस झाले. तिथल्या कचेरीतून अजून निरोप नाही. पोरीला पुन्हा त्या जंगलात पाऊल टाकू देणार की नाही, एवढंच कळायचं आहे, आणि नेमकं तेवढंच कळत नाही. घरात बोलायची सोय नाही म्हणून तुम्हाला लिहितो आहे. तुम्ही निदान मध्ये बोलणार नाही.

तुमची नात म्हणजे तीच, जी तुमच्या मांडीला मांडी लावून पूजेसाठी बेलाची पानं निवडायची आणि किडकं पान निघालं की ते टाकायचं सोडून अळी कुठं गेली ते शोधत बसायची. अळी शोधता शोधता ती वनस्पतिशास्त्राकडे वळली आणि पुढे संशोधनासाठी उत्तर चीनला गेली. तिथं डोंगरावर राखलेलं मोठं वनउद्यान आहे आणि त्यातली काही झाडं तिला अभ्यासाला दिलेली आहेत. पाऊस पडला की खोडावरून किती पाणी ओघळतं, त्यात काय काय विरघळलेलं असतं, हे ती तपासते. त्यासाठी खोडाला रबराची पन्हळ गुंडाळलेली, तिचं तोंड बाटलीत सोडलेलं. बुंधा किती जाड होतो ते कळायला पोलादी पट्टी बांधलेली, आणि ओळखीसाठी छोटा पत्रा ठोकलेला. ती परदेशी, म्हणून हे सगळं उद्यानाच्या परवानगीवर चालतं. परवानगी गेली तर दुसरं जंगल, दुसरी झाडं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि तितका काळ तिची शिष्यवृत्ती पुरणार नाही. तसं झालं तर बॅग भरून परत यायचं.

आम्ही शरदात गेलो होतो. पायथ्याशी ओक आणि रानअक्रोड, वर चढलं की भूर्ज. तुम्ही जन्मभर भूर्जपत्रावरच्या पोथ्यांचं कौतुक सांगितलंत आणि भूर्जाचं झाड काही पाहिलं नाहीत. मी पाहिलं. पांढरं खोड, आणि सालीचे पापुद्रे सुटून वाऱ्यावर फडफडताहेत, जणू कुणी लिहायला बसलं आणि कंटाळून उठून गेलं. त्याच्याही वर लार्च. हा देवदाराच्या गोतातला, पानांच्या जागी सुया असलेला, पण आपल्या सागासारखा दरसाल सगळं झाडून मोकळा होणारा. आम्ही पोचलो तेव्हा डोंगराचा वरचा अर्धा भाग पिवळाधमक झाला होता. खाली सुयांची अशी गादी की चालल्याचा आवाज येत नाही. आपल्या डोंगरावर उन्हाळ्यात सागाच्या वाळक्या पानातून सरडा पळाला तरी माणूस आल्यासारखं वाटतं. तिथं माणूस येऊन शेजारी उभा राहिला तरी कळत नाही. धुकं खालच्या दरीतून उठतं आणि बघता बघता समोरचं झाड नाहीसं होतं. प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण, असं मी तीस पोरांच्या वर्गात घसा ताणून शिकवतो. त्या धुक्यात मी ते मागे घ्यायला तयार होतो.

फाटकापाशी आमच्या पिशव्या तपासल्या. जंगलात आगीचं भय फार, म्हणून लाइटर, काडेपेटी, सगळं काढून ठेवायला लावतात. तुमच्या सुनेनं उदबत्तीसाठी तिथंच घेतलेला लाइटर गेला. कुंकवाचा करंडा मात्र उघडून, हुंगून परत दिला. तपासणाऱ्यानं करंडा ठेवून घेतला असता आणि लाइटर दिला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं, असा उलटा तर्क मी हल्ली रोज करतो.

आता यात तुमचा हात कुठं आहे ते ऐका. लग्नानंतरच्या पहिल्या सोमवारी तुम्ही तिला बेल तोडायला डोंगरावर घेऊन गेलात. मी मागून पिशवी धरून. एका थोराड झाडापाशी तुम्ही थांबलात, तिच्याकडून त्याला हळदकुंकू लावून घेतलंत, आणि आपण कुणाच्या घरातली, कुठून आली, ते झाडाला सांग म्हणालात. मी नुकताच संस्कृतची पदवी घेऊन आलेलो. याला कुठल्या ग्रंथात आधार आहे, असं मी विचारलं. तुम्ही मागे वळूनही पाहिलं नाहीत. "ज्याच्या घरात शिरायचं त्याला कोण आलंय ते सांगावं लागतं," तुम्ही म्हणालात. "एवढं कळायला व्याकरण लागत न्हाई." ती पदर तोंडाला लावून हसली. माझ्या संसारात तिनं मला हसण्याची ती पहिली वेळ, आणि तिला संधी तुम्ही मिळवून दिलीत. तेव्हापासून ती कुठल्याही अनोळखी रानात गेली की आधी सगळ्यात मोठं झाड शोधते.

तिथंही तिनं शोधलं. पोरगी खालच्या उतारावर माती गोळा करून राहिली होती, मी धापा टाकत एका दगडावर बसलो होतो. ही धुक्यातून पुढे गेली आणि मोठ्या लार्चपाशी थांबली. खोडाला काहीतरी गुंडाळलेलं, वर चकाकता पत्रा. मला हाक मारून म्हणते, "अहो, इथं आधीच कुणीतरी सूत बांधलंय. टाकसुद्धा लावलाय. जागतं झाड दिसतं." आपल्याकडं वडाला सूत गुंडाळतात, देवघरात चांदीच्या पत्र्यावर देव असतात, ती दोन्ही तिनं एका खोडावर पाहिली आणि तिला शंका घ्यायला जागाच उरली नाही. मला ती पट्टी माहीत असायला हवी होती, पण मी तेव्हा श्वास सापडतो का ते बघत होतो. तिनं माहेरची, कुरुंद्याहून आणलेली हळद घेतली, कुंकू घेतलं, आणि पट्टीच्या वर चांगली भरघोस बोटं ओढली. मग ओठ हलवत बराच वेळ उभी राहिली. गाव, सासर, माहेर, सगळं सांगितलं असणार. तालुकासुद्धा.

रात्रीतून पाऊस झाला. सकाळी उद्यानाच्या रखवालदाराचा फोन आला आणि पोरीचा चेहरा उतरला. आम्ही वर जातो तर तो त्या झाडाभोवती दोन्ही हात पसरून उभा आहे, आम्हाला जवळ येऊ देत नाही. खोडावरून पिवळे-तांबडे ओघळ थेट मुळांपर्यंत गेलेले, पन्हळीतून बाटलीत उतरलेलं पाणी पिवळंजर्द. मागे कधीतरी किडीनं त्यांची झाडं उभ्या उभ्या वाळली होती, तेव्हापासून बाहेरच्या कुठल्याही भुकटीला ते लोक भितात. कुणीतरी परदेशी झाडाला विष घातलं, असं त्याच्या मनानं घेतलेलं. पोरगी बाटलीकडं बघते आहे, मग आईच्या बोटांकडं बघते आहे. नखांत हळद तशीच. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

कचेरीत आमच्यापुढं कागदी पेल्यात गरम पाणी ठेवलं. टेबलापलीकडं आमच्याच वयाची बाई, ती तिथली अधिकारी. बोलणं सगळं त्यांच्या भाषेत. झाड शाबूत आहे हे पाहून नरमलेला रखवालदार मध्येच पोरीला हळू आवाजात काहीतरी म्हणाला आणि पोरगी थांबली. तिच्या बोटांनी पेला दाबून वाकडा केला. हिनं विचारलं, "काय म्हणून राहिला तो?" पोरीनं खाली बघून सांगितलं: झाड बुंध्यापाशी चिरलेलं नाही, विष टोचल्याचं भोकही नाही, तेव्हा कुणा फिरायला आलेल्या माणसाचं काम असेल असं म्हणता येईल, म्हणजे परवानगीवर येणार नाही. मी हिच्याकडं पाहिलं. माझ्या डोळ्यांत काय होतं ते मला माहीत आहे, आणि तिनं ते वाचलं.

"दुसऱ्याच्या नावावर काहून घालायचं?" ती म्हणाली. "मी लावलंय. सांग तिला."

"आई, त्यांनी परवानगी काढली तर मला इथून जावं लागेल."

"जावं लागलं तर जाऊ. पण झाडाला मी माझं नाव सांगून आले. आता त्यांना दुसरं सांगू?"

आणि पोरगी काही बोलायच्या आत हिनं करंडा उघडला, हळदीची मोठी चिमूट जिभेवर ठेवली आणि गरम पाण्याबरोबर गिळली. उरलेली गळ्याला लावली. मग करंडा टेबलावरून त्या बाईपुढं सरकवला. ती बाई खुर्चीत ताठ झाली. बराच वेळ ती हिच्या तोंडाकडं बघत राहिली, बहुधा काही होतंय का ते. मग तिनं विचारलं, हे कशासाठी. पोरीनं तिला काय सांगितलं ते मी बाहेर आल्यावर विचारलं. ती म्हणाली, "मी म्हटलं, आमच्याकडं घरात शिरताना पाहुणा आपली ओळख देतो." आणि बाई काय म्हणाली? "म्हणाली, फाटकावर ओळखपत्र दाखवलं होतं ना." पोरीच्या तोंडावर त्या दिवशी पहिल्यांदाच हसू आल्यासारखं झालं आणि तिथंच विरलं. हळद तपासणीला गेली. अहवाल येईपर्यंत पोरीला डोंगरावर जायला बंदी झाली.

तेव्हापासून इथं हे चाललं आहे. वसमतच्या बाजारात हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या लागल्यात, आणि आपल्या घरात वरण पांढरं. हिनं हळदीच्या डब्याला हात लावणं सोडलं आहे. मी पहिल्या दिवशी थट्टा केली, आजाऱ्याचा स्वयंपाक आहे का म्हणून. ती वाढत होती, वाढतच राहिली. दुसऱ्यांदा मी केली नाही. फोन वाजला की ती स्वयंपाकघरातच थांबते, नळ बंद करते, आणि माझ्या आवाजावरून अंदाज घेते. नागनाथाला जाते, पण काय मागते ते सांगत नाही. एकदाच म्हणाली, "अण्णा असते तर त्यांनी मला काय सांगितलं असतं?" कचेरीतलं ते खोटं तिनं नाकारलं तेव्हा मी मनातून ते घ्यायला तयार होतो; तुम्ही झाला असतात का, ते मला आजही माहीत नाही.

इथवर लिहिलं आणि पोरीचा फोन आला. ही तेव्हा मागच्या अंगणात होती. अहवालात घातक काही निघालं नाही. ते झाड अभ्यासातून वगळलं, बाकीच्या झाडांची परवानगी कायम. उद्यापासून ती वर जाणार. आवाज पूर्वीसारखा होता, भराभर, अर्धी वाक्यं गिळणारा. मग म्हणाली, "बाबा, एक अट आहे. माझ्या आईवडिलांना त्या भागात पुन्हा आणायचं नाही, असं लेखी घेतलंय माझ्याकडून. आईला तुम्ही सांगा." मी बरं म्हटलं.

मी अंगणात गेलो आणि परवानगी मिळाली म्हटलं. ती पायरीवर बसली. दोन्ही हातांनी चेहरा पुसला, पुसतच राहिली. मग, अजून डोळे ओले असतानाच, म्हणते कशी, पुढच्या सालाला उन्हाळ्यात जाऊ, तेव्हा त्या सुया हिरव्या असतात म्हणे. करंडा नेणार न्हाई, लांबूनच हात जोडीन, त्याला वाटायला नको की नाव सांगून गेली ती गेलीच. मी जाऊ म्हणालो. तिकिटं आधी काढली की स्वस्त पडतात, असंसुद्धा म्हणालो. अण्णा, अट मी तिला सांगितलेली नाही. आता ती आत जाऊन कामाला लागली आहे, आणि हे पत्र तुम्हाला पाठवता येत नाही ते ठीक, पण तिला वाचता येतं, तेव्हा घरात ठेवायचीही सोय राहिली नाही.