फाटकावरचा दिवा

चिरंजीव खामसेन यास, दादाकडून आशीर्वाद आणि एक गंभीर तक्रार.

तू कोरियात बसून माझ्या गांजाला फुले येऊ देत नाहीस.

आईच्या कंबरेच्या कळांवर तेल काढायचे म्हणून अंगणात, फाटकापाशी, परवान्याच्या अकरा कुंड्या आहेत. भाताचे तूस, गांडूळखत, मासळीचे आंबवलेले पाणी, सगळे यथाशास्त्र घातले. आपल्या चियांग माईच्या डोंगरात दिवस तोकडा, म्हणून रोपे वाढेपर्यंत संध्याकाळी त्यांच्यावर दिवा ठेवावा लागतो. वाढली की अंधार द्यायचा, तरच फुले धरतात. झाडे छातीला लागली तसा मी दिवा मालवला.

"अरे इन्ता, विझवलास काय! खामसेन आला तर त्याला फाटक दिसायचं कसं?"

"आई, तो दिवा झाडांसाठी होता."

"विहारात बारा वर्षं पोथ्या घोकल्यास, आणि अक्कल तेवढी तिथंच विसरून आलास!"

हे सूत्र मी शिरसावंद्य मानले. दिवा पुन्हा लावला आणि अकराही कुंड्या कोठारामागच्या अंधारात ओढत नेल्या. काल पहिले पांढरे तुरे दिसले. आई खूश आहे. आता माझीच कंबर तेल मागते आहे.

हे पत्र पाठवायचे धैर्य मला होत नाही. "पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस," असे तुला मीच म्हणालो होतो. जन्मात तू माझे एक ऐकले नाहीस. नेमके हेच ऐकशील, याची मला फार भीती वाटते.

तुझाच,
इन्तादादा