वाळवंटातला म्हातारा काय म्हणाला

अब्बा, घरात आपण दखनी बोलायचो, तरी हे मी मराठीत लिहितेय. लोहा गावच्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये माईक तोंडाशी धरून तुम्ही मराठी बोलायचात, आणि मला आज त्या माईकवाल्या माणसाशी बोलायचं आहे. शिलाई मशीनवरचे अब्बा माझं ऐकून घेतील आणि सोडूनही देतील, ते मला माहीत आहे. माईकवाल्याचा भरवसा नाही. येत्या रविवारी इथे लातूरला एका कॉलेजात तुमच्यावर कार्यक्रम आहे. हसू नका, खरंच आहे. माझा एक जुना विद्यार्थी तिथे प्राध्यापक झालाय. त्याला सिनेमाचं वेड. मी बोलता बोलता कधीतरी त्याला तुमच्याबद्दल सांगितलं, एका पिक्चरचं वर्णनही केलं, आणि त्या पठ्ठ्याने इंटरनेटवर महिनाभर खणून नेमकं तेच शोधून काढलं. आता ते मोठ्या पडद्यावर लावणार आणि मी बाजूला बसून तुम्ही सांगायचात तशी गोष्ट सांगायची, असा बेत आहे. पत्रिकेवर तुमच्या नावाखाली लिहिलंय, ‘परदेशी चित्रपटांचे मराठी भाषांतरकार’. ही माहिती त्याला मीच दिली. त्यालाच काय, गेली पस्तीस वर्षं सगळ्यांनाच देत आलेय. पण छापलेलं बघितल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. गॅस बंद केला का बघायला तीन-तीनदा ओट्याशी जाऊन येते. बीपीची गोळी घेतली की नाही आठवत नाही म्हणून काल दोनदा घेतली.

हे सगळं सुरू झालं त्या टॉकीजच्या मालकामुळे. लोहा आणि मुदखेड, दोन्हीकडे त्याच्या पत्र्याच्या शेडी होत्या. चांगलं हिंदी पिक्चर मिळालं नाही की तो हैदराबादहून स्वस्तातले इटलीचे सिनेमे उचलून आणायचा. तेलाने चोपडलेले पैलवान, तलवारी, पातळ ओढण्या घेतलेल्या राण्या आणि वाळूच वाळू. ते इटलीचे होते हेसुद्धा मला आता कळलं. तेव्हा मालकाने उंट आणि पागोटी बघून ठरवून टाकलं की पिक्चर अरबी आहे, आणि अरबी असेल तर तुम्हाला ते येणारच. दुकानात सदऱ्याचं माप देताना तो म्हणाला, "मास्तर, वाळवंटाचं पिक्चर आलंय. लोकायला काहीच कळून न्हाई राहिलं. तुमच्यातलं हाय, तुमी सांगा की जरा." तुम्ही वाळवंट जन्मात पाहिलं नव्हतं. हैदराबादच्या पुढे गेला नव्हतात. कुराण वाचता यायचं, पण एखाद्या ओळीचा अर्थ विचारला तर मौलवीसाहेबांकडे बोट दाखवायचात. तरी तुम्ही टेप गळ्यात टाकत म्हणालात, "सांगतो की." का म्हणालात, मी कधी विचारलं नाही. मला वाटतं, येत नाही असं सांगायची तुम्हाला लाज वाटली. ही लाज आपल्या घरात आहे, ती माझ्यातही उतरली आहे.

आणि मग बाजारच्या दिवशी दुपारच्या खेळाला तुम्ही सांगायला लागलात. खिडक्यांना काळी कापडं लावलेली, आत पत्रा तापलेला, बिड्यांचा धूर, आणि सिनेमाच्या मशीनशेजारी स्टुलावर तुम्ही. पडद्यावर कुणी तोंड उघडलं की मशीनवाला आवाज बारीक करायचा आणि तुमचा सुरू व्हायचा. साऱ्या सिनेमाभर तेच चार उंट गोल गोल फिरायचे, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "चारच दिसून राहिले म्हणून सुलतानाला गरीब समजू नका. बाकीचे चरायला गेलेत." रीळ बदलायला वेळ लागायचा, पडदा पांढरा व्हायचा, लोक शिट्ट्या मारायला लागायचे. तुम्ही शांतपणे सांगायचात, "उंट पाणी पिऊन राहिले. तवर तुमी बी चहा पिऊन घ्या." पैलवानाने डोक्यावर उचललेला धोंडा खाली पडून चेंडूसारखा उडाला होता, त्यालाही तुमच्याकडे उत्तर होतं: तिकडचा दगड हलका असतो, पाणी नसतं ना त्यात. लोक हसायचे आणि मग गप्प होऊन बघायचे, कारण हसवता हसवता तुम्ही गोष्टीला हात घालायचात. रविवारी लावणार आहेत त्या पिक्चरची तुमची गोष्ट अशी होती: राणीने गावाच्या एकुलत्या एका विहिरीला कुलूप लावलंय, पैलवान विहिरी खणणाऱ्याचा पोरगा आहे, आणि साखळदंडातल्या मुलीचा आंधळा बाप सोडला तर पाण्याची दुसरी जागा कुणालाच माहीत नाही. लोह्याच्या माणसांना कुलूपबंद विहीर समजावून सांगावी लागत नव्हती. बाया पदर तोंडाला लावून रडायच्या.

गोष्ट तुम्ही पक्की करायचात ती अम्मीच्या स्वयंपाकघरात. एकदा पिक्चर मुकाट बघून यायचं आणि मग पाटावर बसून कोण कुणाचा कोण ते ठरवायचं. फिल्मची पट्टी घासून जिथे आवाज गेलेला असेल तिथल्या लढाईसाठी झारा आणि उलथनं एकमेकांवर आपटून बघायचात. अम्मी ओरडायची, "सालन में तलवार नक्को चलाओ जी!" मी दाराशी पुस्तक घेऊन बसलेली असायचे आणि तुम्ही मला विचारायचात, "बोल बेटा, इस बुड्ढे कू किसका बाप बनाऊँ?" मी म्हणाले होते, त्या मुलीचा. म्हणजे तो बापसुद्धा आपण दोघांनी मिळून केला होता. हे मी विसरले होते. परवा पीठ मळताना एकदम आठवलं.

त्यानंतर महिनाभराने मी दहावीच्या सहामाहीत इंग्रजीत वर्गात पहिली आले. तुम्ही जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून डिक्शनरी आणलीत. आधीच्या मालकाचं नाव ब्लेडने खरवडून त्यावर माझं नाव तुम्ही उर्दूत लिहिलंत, कारण इंग्रजीत लिहिता येत नव्हतं. आणि त्याच आठवड्यात, बक्षीस म्हणून, मला त्याच पिक्चरला लोह्याला घेऊन गेलात. एसटीत माझ्यासाठी खिडकी धरली. टॉकीजमध्ये मालकाची लोखंडी खुर्ची मागून तुमच्या शेजारी ठेवलीत आणि येईल त्याला सांगितलंत, "आमची मुलगी. इंग्रजीत पहिली."

पिक्चर सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं की ते अरबी नाही, इंग्रजी बोलतायत; इटलीच्या त्या सिनेमावर इंग्रजी आवाज चढवलेला होता, हे आता कळतंय. आधी एक ओळखीचा शब्द आला, मग दुसरा. तुम्हाला हे माहीत नाही, मला माहीत आहे, याचा मला आनंद झाला होता, अब्बा. भीती वाटायला हवी होती, पण आनंदच झाला. आंधळा म्हातारा मरायला टेकला, त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, ओठ हलले, आणि तुम्ही दाटलेल्या आवाजात म्हणालात, "पोरी, मी तुझा बाप. पाण्याची जागा सांगतो, ऐक." आणि मी खुर्चीतून उठून ओरडले, "तो असं नाही म्हणत! हे अरबी नाहीच, इंग्रजी आहे!" माईक चालू होता, सगळ्या शेडीला ऐकू गेलं. अंधारातून कुणीतरी म्हणालं, "मंग काय म्हणून राहिला तो? सांग की पोरी." सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "तो म्हणतो, मी तुझा बाप नाही." मग मागून एकजण म्हणाला, "मास्तर, पोरीला येतंय अन् तुमाला न्हाई व्हय?" आणि हशा पिकला. तुम्ही पुढचं पिक्चर सांगितलंत, पण अगदी थोडकं, पाहुण्यांच्या घरी जेवताना बोलावं तसं.

परतीच्या एसटीत मी मार खायची तयारी करून बसले होते. पण तुम्ही अगदी हळू विचारलंत, "बेटा, वो बुड्ढा सच्ची वैसाच बोला क्या?" मी होकाराची मान हलवत म्हणाले, "हौ." घरी गेल्यावर अम्मीला तुम्ही एवढंच सांगितलंत, "पोट्टी हुशार निकली." तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता ते वाक्य आठवायलाही नको वाटतं.

पुढच्या आठवड्यात तेच पिक्चर मुदखेडला लागलं. मला वाटलं होतं तुम्ही तिथे तुमचीच जुनी गोष्ट सांगाल, मुदखेडला कुणाला काय कळणार होतं? पण तुम्ही माझं वाक्य घेतलंत. शिकलेल्या पोरीने सांगितलंय, तर खोटं कसं सांगायचं, असं तुम्हाला वाटलं असणार. म्हाताऱ्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तुम्ही म्हणालात, मी तुझा बाप नाही. त्यानंतर ती मुलगी प्रेताला कवटाळून इतकी का रडते, हे तुम्हाला सांगता येईना. साखळदंड तोडून पैलवान तिला त्याच्याच कबरीवर का नेतो, तेही सांगता येईना. मशीनवाल्याने पुढे अम्मीला सांगितलं, मास्तर माईक धरून नुसते बघत बसले, लोकांनी आरडाओरडा केला, तरी बोलले नाहीत. मग माईक स्टुलावर ठेवून बाहेर आले. पुन्हा तुम्ही कधी टॉकीजला गेला नाहीत. मालक दोनदा येऊन गेला, तुम्ही सदऱ्याची काजं करत नकाराची मान हलवलीत. घरात तुम्ही नेहमीसारखे होतात, जेवत होतात, थट्टा करत होतात. पण कोण कुणाचा बाप, हे तुम्ही मला पुन्हा विचारलं नाहीत. मी डिक्शनरी घेऊन इंग्रजी शिकत गेले, लातूरला इंग्रजीची बाई झाले, आणि तुम्ही गेल्यावर स्टाफरूममध्ये सांगायला लागले, माझे वडील इंग्रजी पिक्चरचं तोंडी भाषांतर करायचे. लोक भारावून जायचे. मला वाटायचं, फेड होतेय.

आता खरी धास्ती सांगते. प्राध्यापकाने मला तो सिनेमा पाठवला, खाली इंग्रजी अक्षरं उमटतात तसा. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून पाहिला. तेच चार उंट, वाळूत गाडीच्या टायरच्या खुणा, एका शिपायाच्या मनगटावर चक्क घड्याळ. पाण्याचा, विहिरीचा कुठे उल्लेख नाही. भांडण कुठल्याशा मुकुटावरून चाललंय. मला हसू येत होतं. मग म्हातारा आला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि खाली अक्षरं उमटली: तो तिला लेक म्हणतो, आजवर सांगितलं नाही म्हणून माफी मागतो, आणि शिपाई यायच्या आत निघून जा म्हणतो. मी मागे नेऊन चार वेळा पाहिलं. तुम्ही बरोबर होतात. पाण्याचं तुम्ही मनाने घातलं होतं, पण बाप होता तो, अब्बा. तुम्ही त्याच्या हातावरून ओळखलंत.

दुसऱ्याच दिवशी लोह्याहून एका गृहस्थांचा फोन आला. पत्रिका त्यांच्या नातवाच्या मोबाईलवर आली होती. "बाई, मी रविवारी येऊन राहिलो. तुमच्या वडलाचे समदे खेळ ऐकलेत म्या. लई सांगायचे हो, लई." मी बरं बरं म्हणत होते. मग ते म्हणाले, "एकदा एक पोरगी मधीच उठून वरडली व्हती. तवापासून मास्तर आलेच न्हाईत. ती कोन व्हती हो, तुमाला काई ठाव?" मी म्हणाले, "नाही हो, मला नाही माहीत." साठीला आलेली बाई मी, आणि माझ्या तोंडातून इतक्या सहज निघालं ते. ते पहिल्या रांगेत बसतील. ओळखतील का? लोखंडी खुर्ची आठवत असेल का त्यांना? आणि प्राध्यापकाचा रोज मेसेज येतो: बाई, खालची अक्षरं ठेवू की काढू? काढली, तर मी तुमची विहिरीची गोष्ट बिनघोर सांगू शकते, पत्रिकेवरचं भाषांतरकार तसंच राहील आणि ते गृहस्थ रडून आपल्या गावी जातील. ठेवली, तर तुम्हाला भाषा येत नव्हती हे शंभर माणसांना दिसेल. तुम्हाला हसतील या भीतीने मी चार दिवस उत्तर दिलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते.

ते खरं नाही. त्या गृहस्थांना रविवारी काय सांगायचं, ते आधी तुम्हाला सांगून बघावं म्हणून हे लिहायला बसले. पाठवायचं कुठेच नाही, म्हणून तर लिहिता येतंय. प्राध्यापकाला मघाशीच कळवलं, ठेव अक्षरं.

मी ऐकण्यात चुकले असते तर एकवेळ ठीक होतं, अब्बा, पंधरा वर्षांची पोर होते. पण चार सुटे शब्द सोडले तर त्या पिक्चरमधलं मला काही समजत नव्हतं, आणि म्हातारा बोलला तेव्हा तर एक अक्षरही कळलं नाही. सगळे वळून विचारत होते आणि येत नाही म्हणायची मला लाज वाटली, म्हणून मी मनानेच ठोकून दिलं. आणि एसटीत तुम्ही खरंच विचारत होतात, तेव्हाही मी हौ म्हणाले.