कंदिलवालीचा पिवळा कोट

४ जानेवारी, सकाळी ७.१०
नवी वही. जुन्या वहीत संकल्पच एवढे झाले की जागा संपली. यंदा एकच संकल्प: 'कंदिलवाली'च्या ग्रुपवर वाद घालायचा नाही. मी अ‍ॅडमिन आहे. अ‍ॅडमिनने न्यायाधीशासारखं वागावं. चारशे बारा सभासद, पण हे गाण्यांचं नाटक माझ्याइतक्या वेळा एकानेही पाहिलेलं नाही. मी एकसष्ट वेळा. ग्रुपमधल्या मास्तरीणबाई अठ्ठावन्नवर आहेत, पण त्यांचे गुडघे गेलेत.

४ जानेवारी, सकाळी ९.४०
'कंदिलवाली'वर सिनेमा येतोय! दिग्दर्शक कोण, तर आजवर फक्त साबणाच्या जाहिराती केलेला एक इसम. कंदिलवाली कोण, तर टीव्हीवरच्या मालिकेतली ती रडकी सून. ग्रुपवर एकशे नव्वद मेसेज, त्यातले साठ माझे. याला वाद म्हणत नाहीत, मार्गदर्शन म्हणतात.

५ जानेवारी
लॅबमध्ये लक्ष लागेना. मी कवळ्या करतो. मेणात एकेक दात बसवायचा, म्हणजे डोकं थंड पाहिजे. आज एका आजोबांचे सुळे उजव्याचे डावीकडे बसले. डॉक्टरीणबाईंनी कवळी हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, आजोबांना जेवायचंय हो, कुणाला घाबरवायचं नाहीये. मी हसून घेतलं. कलेची जाण असलेल्या माणसाचं असं होतंच.

७ जानेवारी
माझी पात्रयोजना ग्रुपवर टाकली. दिग्दर्शक: नाटकाचे मूळ दिग्दर्शकच. एक्याऐंशीचे आहेत, ऐकू जरा कमी येतं, पण गाणी सगळी पाठ. कंदिलवाली: मूळ कंदिलवालीच. लेक जेवताना म्हणाली, बाबा, ती बाई चोपन्नची आहे आणि कंदिलवाली एकोणीसची. म्हटलं, कॅमेऱ्यापुढे थोडा धूर सोडला की झालं. ती हसली नाही. तिला दुसरंच सांगायचं होतं. त्याच सिनेमाच्या कपडेपटात तिला नोकरी लागलीय, सहायक म्हणून. तीन वर्षं घरात बसून शेजारपाजारच्या पँटी आखूड करत होती पोरगी. बायको रडली. माझेही डोळे भरून आले. आता माझा सल्ला थेट आत पोचेल.

१५ जानेवारी
लेक कामावर रुजू. गेटवर फोन काढून घेतात म्हणे. आतलं एक अक्षर बाहेर बोलायचं नाही, तशी सही घेतलीय. तिने आम्हा दोघांकडूनही शब्द घेतला. मी दिला. मग दिग्दर्शकाला द्यायचं माझं पत्र तिच्या डब्याच्या पिशवीत ठेवलं, तर ते काढून टेबलावर ठेवून गेली. पहिला दिवस आहे, बुजली असेल.

२ फेब्रुवारी, दुपार
ग्रुप हाताबाहेर चाललाय. मतदान घेतलं. मालिकेतल्या सुनेला दोनशे तीन मतं, कारण कुणीतरी तिचा गातानाचा व्हिडिओ टाकला. मूळ कंदिलवालीला नऊ. मास्तरीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, अ‍ॅडमिनची सुई अडकलीय. संकल्प: यापुढे भारदस्त मौन.

२ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.३०
दुसरं खातं उघडलं. नाव 'विंगेतला'. फोटो काळ्या पडद्याचा. यात खोटेपणा काही नाही. माणूस तोच, फक्त पडद्याच्या पलीकडे उभा.
पहिली पोस्ट: मला बोलता येत नाही, पण सावध राहा. दीडशे लाइक! माझ्या नावाच्या पोस्टला चार पडतात, त्यातला एक माझाच. आता दोन.

१४ फेब्रुवारी
विंगेतल्याने लिहिलं, संगीतकार आणि दिग्दर्शकाचं बिनसलंय. निव्वळ अंदाज. दुपारी संगीतकाराने काम सोडल्याची बातमी. बोलाफुलाला गाठ पडली, पण ग्रुप हादरला. मास्तरीणबाईंनी विंगेतल्याला 'सर' म्हटलं. मला अठरा वर्षांत एकदाही म्हटलं नाही.

२० फेब्रुवारी
नीट लिहून ठेवतो.
नाटकाच्या शेवटी कंदिलवाली राखाडी शाल फेकते आणि आतला पिवळाधमक कोट दिसतो. त्या क्षणी अख्खं थिएटर उभं राहतं. आम्ही सगळे पिवळे मफलर घालून जातो आणि ते हलवतो. ज्याच्याकडे मफलर नाही त्याच्याकडे आमच्यात कुणी बघतसुद्धा नाही.
आज लेक स्वयंपाकघरात आईला हळूच सांगत होती. पिवळा कोट रद्द! राखाडीच ठेवणार. कॅमेऱ्यात पिवळ्यापुढे कंदील दिसतच नाही म्हणे. हे फक्त कपडेपटातल्या पाच जणांना ठाऊक आहे, असंही म्हणाली. मी बाहेर नखं कापत होतो. मुद्दाम ऐकलं नाही, दारं पातळ आहेत.
कुणालाही सांगणार नाही. शब्द दिलाय.

२१ फेब्रुवारी
मी नाही सांगितलं. विंगेतल्याने सांगितलं. दोनच शब्द: पिवळा जातोय.

२२ फेब्रुवारी
अकराशे प्रतिक्रिया. सभासद तीन हजारांवर. लॅबमध्ये प्लास्टर भिजवायचं सोडून फोन बघत होतो, तर ते भांड्यातच दगड झालं.
संध्याकाळी लेक आली ती चपला न काढताच सोफ्यावर बसली. म्हणाली, बाबा, तुम्ही कुठे काही बोलला नाहीत ना? म्हटलं, या विषयावर माझी एक ओळ दाखव. फोन पुढे केला. तिने सगळं खालपर्यंत पाहिलं. एक ओळ नाही. मग माझा हात धरून सॉरी म्हणाली, की तुमच्यावर संशय घेतला. मी मोठ्या मनाने माफ केलं.
रात्रीचं जेवण मात्र गेलं नाही. हवा बदलतेय.

२७ फेब्रुवारी
सिनेमा कंपनीच्या ऑफिसातून एक माणूस आलाय म्हणे. आवाज न चढवता बोलतो. पाचही जणांना एकेक करून आत बोलावतो, दार लावतो आणि तेच ते प्रश्न पुन्हा विचारतो. कपडेपटाच्या टेलरमास्तरांची तिथे बावीस वर्षं झालीत. ते बाहेर आले आणि जिन्यात बसून राहिले. लेकीने त्यांना पाणी दिलं.
बायको माझ्याकडे बघत होती. मी पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडलो आणि चौकातून उगाच तीनदा फिरलो.

५ मार्च
ग्रुपने स्टुडिओच्या गेटवर पिवळे मफलर घालून उभं राहायचं ठरवलं. विंगेतल्याने बोलावलेलं नव्हतं. मी अ‍ॅडमिन या नात्याने शांततेचं आवाहन केलं. त्यावर एकाने विचारलं, आपण कोण? म्हटलं, देखरेखीला तरी गेलं पाहिजे. अर्धी रजा टाकली.
दोनेकशे माणसं होती. आधी गाणी झाली, फार छान वाटलं. मग कामगारांची गाडी आत जायला आली आणि गाणी थांबली. कुणाच्या तरी हातात पिवळ्या रंगाचा डबा होता. लोकांनी तळवे बुडवले आणि काचांवर थापा मारायला सुरुवात केली. आत कोण आहे हेही कुणी बघत नव्हतं. मीही दोन थापा मारल्या. हलक्या, तिसऱ्या गाण्याच्या ठेक्यात.
काचेवरच्या बोटांमधून आत टेलरमास्तर दिसले. त्यांच्या शेजारी आमची लेक, मान खाली, दोन्ही हात कानांवर.
तिने मला पाहिलं नसावं. नाहीच पाहिलं. मफलर पिशवीत कोंबला आणि लांबच्या रस्त्याने घरी आलो. नखांतला रंग लॅबच्या स्पिरिटने काढला.

८ मार्च
ग्रुपवर अ‍ॅडमिनची निवडणूक झाली. विंगेतला: दोन हजार सातशे एक्केचाळीस. मी: सहा. अठरा वर्षं ग्रुप सांभाळला त्याचे हे पांग फेडले! विंगेतल्याने निदान नम्रपणे नकार द्यायला हवा होता. पण लोक थांबलेत म्हटल्यावर आभाराचं भाषण लिहावं लागलं. 'थोडक्यात सांगायचं तर' अशी सुरुवात केली. चांगलं झालं.

९ मार्च
एकाने ग्रुपवर एका निळ्या फाटकाचा फोटो टाकलाय. खाली लिहिलंय, दिग्दर्शकाचं घर हेच ना, विंगेतले सर? मला काय माहीत! उत्तर दिलं नाही. गप्प बसणं केव्हाही उत्तम.

१० मार्च
त्या घराच्या काचा फुटल्या. दिग्दर्शकाची म्हातारी आई आत होती. लागलं नाही कुणाला. ग्रुपवर लिहिलंय, सर गप्प राहिले तेव्हाच आम्ही समजलो.
लॅबमध्ये दिवसभर मेण नीट बसेना.

१२ मार्च
टेलरमास्तरांना चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. लेक म्हणते, आता संशय त्यांच्यावर आणि तिच्यावर. बाकीचे तिघं त्या आठवड्यात बाहेरगावी होते. ज्यांनी तिला काज करायला शिकवलं त्या माणसाच्या तोंडाकडे बघवत नाही म्हणाली आणि खोलीत गेली.
बायकोने मला गॅलरीत बोलावलं, दार ओढून घेतलं. म्हणाली, विंगेतला तुम्हीच. मी कपाळाला आठ्या घातल्या. ती म्हणाली, 'थोडक्यात सांगायचं तर' म्हणून चार पानं लिहिणारा जगात दुसरा माणूस नाही. हिला पहिल्या महिन्यापासून संशय होता! माणूस सुधारेल म्हणून वाट पाहिली म्हणे. लेकीला अजून सांगितलेलं नाही. शेवटी म्हणाली, काय करायचं ते उद्या आपण दोघं बसून ठरवू, तोवर उचलली जीभ लावली टाळ्याला असं करू नका.
कधी नव्हे ते लाज वाटली. लेकीच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. आतून नाक ओढल्याचा आवाज येत होता. परत आलो.

१३ मार्च, सकाळी ६.००
निर्णय झाला. कबुली देणार. बायको झोपलीय, तिला कशाला उठवा? पुरुषासारखा पुरुष, आपलं आपण निस्तरलं पाहिजे.

१३ मार्च, सकाळी ११.१५
आधी ग्रुपवर लिहिलं, विंगेतला म्हणजे मीच. कुणाचा विश्वास बसला नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या, निवडणूक हरल्यामुळे डोक्यावर परिणाम झालाय. मग विंगेतल्याच्या खात्यावरून लिहिलं, की होय, हे खरं आहे. तर म्हणे जुन्या अ‍ॅडमिनने सरांचं खातं चोरलं! तक्रारी करून दोघांनाही बाहेर काढलं.
त्यांचं त्यांच्यापाशी. खरं काम वेगळंच. सिनेमा कंपनीच्या ऑफिसात जाऊन पत्र स्वतः काउंटरवर दिलं. चार पानी. अर्ध्या पानात कबुली, मुद्देसूद: विंगेतला मीच, टेलरमास्तरांचा संबंध नाही, आणि माझी लेक तर पूर्ण निर्दोष आहे, कारण तिने कोटाची गोष्ट मला सांगितलीच नव्हती, वीस तारखेला संध्याकाळी फक्त आईला सांगितली होती, तीही अगदी हळू आवाजात. तारीख, वेळ, सगळं दिलं. उरलेल्या साडेतीन पानांत पात्रयोजना, दिग्दर्शन आणि कोट.
किती हलकं वाटतंय! घरी फोन चार्जिंगला लावलाय. दिग्दर्शकाचा येईल.

१४ मार्च, सकाळी १०.००
सकाळी लेकीला टेलरमास्तरांचा फोन आला, त्यांना परत कामावर बोलावलं! पत्राचा गुण आला. लेकीलाही आता बढती द्यायला हरकत नाही. बायकोला अजून सांगितलेलं नाही. लेक आनंदाने घरी आली की दोघींना एकदमच सांगेन.

१४ मार्च, दुपारी १.२०
लेक आली. हातात तिची कात्री, टेप आणि डबा, एका पिशवीत.
कंपनीच्या वकिलाने परवाच सांगितलं होतं, की पुरावा कुणाविरुद्धच नाही, सोमवारी प्रकरण बंद करू. हे तिला आज कळलं. त्या आवाज न चढवणाऱ्या माणसाने कळवलं आणि मग माझं अर्धं पान तिला वाचून दाखवलं. दोनदा. सही केली होती तरी घरी बोललात की नाही, एवढंच विचारलं. ती हो म्हणाली.
बायकोने कपाळावर हात मारला. म्हणाली, हात दाखवून अवलक्षण.
लेक ओरडेल असं वाटलं होतं. नाही ओरडली. मीच न राहवून विचारलं, उरलेल्या पानांबद्दल काय म्हणाले? तिने माझ्याकडे पाहिलं. असं तिने आजवर कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, कुणी वाचली नाहीत. पहिलं पान फाइलला लावलं, बाकीची परत दिली. पिशवीतून काढून टेबलावर ठेवली.

१४ मार्च, संध्याकाळी ६.००
लेक मावशीकडे गेली. किती दिवसांसाठी, ते मी विचारलं नाही.
घरात सामसूम आहे. पानं चाळली. अक्षर चांगलं आलंय. चौथ्या पानाच्या तळाशी, सहीच्या वर, मी लिहिलंय: अधिक माहिती लागल्यास माझ्या लेकीला विचारावं, ती तुमच्याकडेच आहे.