वाघोलीचं एकमत

२ जानेवारी २०१२
नियुक्तीचं पत्र आलं. अकरा देशांत एकाच वेळी लोकांची मतं आणि मूल्यं मोजणार आहेत. पुण्याचा समन्वयक मी. दोनशे चाळीस मुलाखती. प्रश्नावलीचं मराठीही मीच केलंय. काम चोख झालं तर जूनमध्ये व्हिएन्नाला पेपर वाचायला बोलावतील. एकतीस वर्षं कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं, रिटायर झालो, पण पेपर घेऊन सोलापूरच्या पुढे कधी गेलो नाही. हे मला हवंय. इथे लिहायला हरकत नाही: फार हवंय. बायकोला, सुनीतीला सांगितलं. ती म्हणाली, आधी पासपोर्ट काढा.
संकल्प: रोज दहा मुलाखती. कोणावरही चिडायचं नाही. शास्त्रज्ञ चिडत नाही, नोंद करतो.

५ जानेवारी
हे सर्वेक्षण चालवणाऱ्या केंद्राने मदतीला श्यामलाबाई दिल्यात. वय पंचेचाळीस. पंधरा वर्षं दारोदार फिरून साबणापासून निवडणुकीपर्यंत सगळं विचारून झालंय. थिअरी शून्य. त्यांना मुख्य नियम समजावला. दार उघडणाऱ्याला विचारायचं नाही. घरातल्या ज्या प्रौढ व्यक्तीचा वाढदिवस आजपासून सर्वांत आधी येतो तिलाच विचारायचं, आणि तेही एकटीला गाठून. नाहीतर घरोघर कर्ता पुरुषच बोलत बसेल. पाऊण तास बोललो. बाई म्हणाल्या, समजलं, पण वाढदिवस माहीतच नसला तर? म्हटलं, बाई, साल काय चाललंय? त्यांनी वही मिटली. पटलं असावं.

९ जानेवारी
बुधवार पेठ. दहापैकी तीन झाल्या.
पुस्तकांच्या दुकानाचे मालक गोपाळकृष्णपंत यांनी एकोणचाळीस प्रश्नांना 'प्रश्न चुकीचा आहे' असं उत्तर दिलं. एक ते दहामध्ये आपण किती सुखी आहात, या प्रश्नाला मात्र सात म्हणाले आणि लगेच बजावलं, हे बाहेर कोणाला कळता कामा नये. बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो का, असं विचारल्यावर त्यांनी माझं ओळखपत्र परत मागून घेतलं आणि उजेडात नेऊन पाहिलं.
अशा लोकांतून लोकशाही चालवायची आहे. वीट आला. चिडलो नाही. नोंद केली.

१२ जानेवारी
बिबवेवाडी, म्हणजे आमचाच भाग. शेजारी म्हणून कोण नको? यादी पुढे धरायची आणि खुणा करायला सांगायचं: परधर्मीय, परजातीय, लग्नाशिवाय एकत्र राहणारे, परप्रांतातले. तेरा घरांत तेरा वेळा एकच उत्तर, आम्हाला सगळे चालतात. तेराव्या घरातून उतरलो तर जिन्यात पाटी: फ्लॅट भाड्याने देणे आहे, फक्त शाकाहारी कुटुंबास. शिसारी आली. माणसं इतकी दुटप्पी असतात?
संध्याकाळी आमच्या सोसायटीची मीटिंग होती. सेक्रेटरी मीच. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आयटीतल्या दोन मुलींना द्यायचा प्रस्ताव होता. नामंजूर केला. एकट्या मुली, येण्याजाण्याच्या वेळा भलत्याच, आडनावंही ओळखीची नाहीत. हा पूर्वग्रह नव्हे, ही शिस्त. सुनीती काही बोलली नाही. म्हणजे सहमत.

१६ जानेवारी
वाघोली. इथे साठ फॉर्म करायचे आहेत.
पहिलंच घर जयसिंग यांचं. जमीन बरीच, त्यातली अर्धी बिल्डरकडे गेलेली, अंगणात दोन गाड्या. घरात नऊ प्रौढ. वाढदिवस विचारले. जयसिंग, एक जून. थोरला भाऊ, एक जून. धाकटा, एक जून. चुलते, एक जून. म्हटलं, चेष्टा करता काय? त्यांनी सगळ्यांचे शाळेचे दाखले आणून माझ्यापुढे टाकले. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, नाव घालताना गुरुजींनी जो दिसेल त्याला एक जून लावून टाकला. जयसिंग यांची आई मुक्ताबाई शाळेत गेल्याच नाहीत. त्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मल्या, साल दुष्काळाचं. सुनांच्या कार्डांवरही एक जूनच.
एका माणसाच्या आळसाने अकरा देशांचं शास्त्र अडवलं. संताप आला.
श्यामलाबाई म्हणाल्या, चिठ्ठ्या टाकू. मी म्हटलं, शास्त्र चिठ्ठ्यांवर चालत नाही. शेवटी तारतम्याने निवडलं. जयसिंग स्वच्छ बोलतात, शिवाय त्यांनीच खुर्ची दिली होती. मुक्ताबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मला बी इचारा की. माझंबी काई म्हननं हाय." मी त्यांना नमुना-निवड समजावून सांगितली. त्या आत गेल्या.

१७ जानेवारी
वाघोलीने मन जिंकलं. जयसिंग यांनी ओट्यावर सगळी मंडळी गोळा केली. मी प्रश्न वाचायचा, जयसिंग उत्तर द्यायचे, मग ओट्यावरून आवाज, "माझं बी तेच लिवा." दुपारपर्यंत चौतीस फॉर्म.
प्रत्येकाला एकटं गाठा, असा नियम आहे खरा. पण तो युरोपातल्या एकट्या माणसांसाठी. इथे ओटा हीच व्यक्ती. पेपरचं शीर्षकही सुचलं: 'ग्रामीण मूल्यांची एकजिनसी रचना'. व्हिएन्नात टाळ्या पडतील. स्वेटर बघायला हवा.

१९ जानेवारी
साठ पूर्ण. निम्म्या स्त्रिया हव्या होत्या, म्हणून तीस फॉर्मवर 'स्त्री' लिहिलं आणि उत्तरं त्यांच्या नवऱ्यांकडून घेतली. नवऱ्याला बायकोचं मत माहीत असतंच, त्यात वेळही वाचतो. शहरातल्या फॉर्मांवर जिथे 'सांगता येत नाही' होतं तिथे मला जे माहीत होतं ते घातलं.
श्यामलाबाईंनी वाघोलीच्या फॉर्मवर सही करायला नकार दिला. म्हणाल्या, "सर, ही वाघोलीची मतं नाहीत. ही एका खुर्चीची मतं आहेत." न शिकलेल्या माणसाशी वाद कसला घालायचा.

४ फेब्रुवारी
समजलं की बाई रोज स्वतःच्या पैशाने वाघोलीला जाताहेत. चिठ्ठ्या टाकतात, ज्याचं नाव येईल त्याच्या एकट्याशीच गोठ्यात नाहीतर गच्चीवर बोलतात. परवा मुक्ताबाईंचं नाव निघालं. दोन तास बोलल्या म्हणे. विहीर, विकलेली जमीन, कोणाचं ऐकायचं नि कोणाचं नाही. मूल्यं कुठली यात? नुसतं गाऱ्हाणं. बेशिस्तीचा किळस येतो. केंद्राला कळवणार आहे.

२१ फेब्रुवारी
मी कळवायच्या आधी केंद्राचाच ईमेल आला. साठ माणसं, सगळ्यांची जन्मतारीख एक, दोनशे बारा प्रश्नांची उत्तरं शब्दशः एक. संगणकाचा बिघाड आहे का, असं विचारलंय. म्हणजे त्यांच्या लक्षात आलंय की काहीतरी असामान्य हाती लागलंय. गुरुजींच्या रूढीवर चार पानी टिपण पाठवलं. शेवटी व्हिएन्नाच्या तारखा विचारल्या.

१२ मार्च
उत्तर नाही. थोर संशोधनाला पचायला वेळ लागतो. स्वेटर आणला. सुनीतीने विचारलं, जूनमध्ये तिकडे उन्हाळा असतो ना?

३ एप्रिल
पत्र आलं. वाघोलीचे माझे साठही फॉर्म रद्द. पुण्याचेही रद्द, कारण 'सांगता येत नाही' हे उत्तर शहरात एकानेही कसं दिलं नाही, असा त्यांना प्रश्न पडला. श्यामलाबाईंचे वाघोलीचे फॉर्म ठेवून घेतले. शहराचं काम आता त्या नव्याने करणार. जूनच्या बैठकीला त्यांनाच बोलावलंय, मुक्ताबाईंच्या मुलाखतीवर बोलायला. माझ्या 'सहकार्याबद्दल' आभार मानलेत.
पत्र तीनदा वाचलं. शिसारी आली. कोणाची, ते नीट लिहिता येत नाही.

२२ एप्रिल
नव्या यादीत आमच्या बिल्डिंगचं नाव निघालं. त्यातून आमचंच दार. श्यामलाबाई आल्या, मला नमस्कार केला, वाढदिवस विचारले. सुनीतीचा मे महिन्यात, माझा डिसेंबरात. नियमाप्रमाणे त्यांनी मला खोलीबाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.
मी स्वयंपाकघरात बसलो. माझा अंदाज चाळीस मिनिटांचा होता. दोन तास झाले. मधे एकदा हसण्याचा आवाज आला.
बाई गेल्यावर सुनीतीला विचारलं, काय सांगितलंस? ती म्हणाली, उत्तरं गोपनीय असतात, पहिल्या पानावर तुम्हीच लिहिलंय. म्हटलं, निदान वेळ कशात गेला ते सांग. ती म्हणाली, "शेवटी एक प्रश्न होता. आपल्याला आणखी काही सांगायचंय का?"
तो प्रश्न मला पाठ आहे. त्याच्या उत्तराला मी फॉर्मवर दीड ओळ जागा ठेवली होती.
टेबलावर पुरवणी-कागदांचं रिकामं पाकीट पडलं होतं. श्यामलाबाईंनी सुनीतीच्या उत्तराला सातही पुरवण्या जोडल्या होत्या.