बिननावाचं यंत्र

३ मार्च, सोमवार

आजपासून मी नोकरदार! कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून आई माझ्याशी धड बोलत नव्हती, आज तिने स्वतःहून डबा भरून दिला. वृद्धांचं तीन मजली निवासगृह आहे आणि तिथलं सगळं वाय-फाय माझ्या ताब्यात. छताला अडतीस पांढरे डबे, आणि तळघरात त्या सगळ्यांचा मुकादम, म्हणजे कंट्रोलर. कुठलं यंत्र कुठल्या डब्याला जोडलंय ते त्याच्या पडद्यावर दिसतं. सिग्नलचा आकडा उणे ऐंशी म्हणजे लांब, उणे तीस म्हणजे डब्याच्या अगदी खाली. तळघरात मोबाइलला रेंज नाही, जे काय ते वाय-फायवरच. साहेबांनी पहिलं काम दिलंय ते यादीतल्या दोनशे बारा यंत्रांपुढे नावं लिहायचं. मागच्या माणसाने नुसते क्रमांक ठेवलेत. कंटाळवाणं आहे, पण आधी हेच कर, म्हणाले.

ही नोकरी धरण्याचं खरं कारण लिहूनच टाकतो. ती इथे नर्स आहे. सगळे तिला सिस्टर म्हणतात. मी मेलो तरी म्हणणार नाही.

७ मार्च, शुक्रवार

नव्वद नावं झाली, उरलेली पुढच्या आठवड्यात. जेवणघरात वाय-फाय सारखं तुटायचं. शोधलं तर शेजारशेजारचे दोन डबे एकाच चॅनेलवर, जसे दोन मामा एकाच वेळी एकच गोष्ट सांगतायत. एकाचा चॅनेल बदलला आणि सगळं सुरळीत.

मी शिडीवर असताना दोनशे चार नंबरच्या खोलीतल्या आजींनी खालून विचारलं, काय रे वायरवाल्या, याला वायर लागत नाही म्हणतात, मग तू कशाला लागतोस? सगळे हसले. तीसुद्धा! इथे प्रत्येकाच्या गळ्यात एक लाल बटण असतं. पडलं-झडलं तर दाबायचं, की वाय-फायवरून नर्सच्या फोनवर घंटा वाजते. आजी आपलं बटण बोटाने फिरवत मला हळूच म्हणाल्या की पोरगी गुणी आहे, पण तू आधी कॉलेज पुरं कर, गाढवा.

११ मार्च, मंगळवार

डोकं फिरलंय. कंट्रोलरवर मी तिचा फोन बघतो. बघू नये, कळतं मला. रोज अकरा ते बारा ती व्यायामाच्या खोलीत, आणि तिच्या अगदी जवळ आणखी एक यंत्र, बिननावाचं. दोन्ही एकदमच येतात, एकदमच जातात. तिथे व्यायाम करवून घेणाऱ्या त्या फिजिओचंच असणार. हसताना बत्तीसच्या बत्तीस दात दाखवतो मेला.

नावांचं काम तसंच पडलंय. राहू दे.

१२ मार्च, बुधवार

टाकलं ते यंत्र बंदीच्या यादीत. कारण लिहिल्याशिवाय कंट्रोलर पुढे जात नाही, म्हणून रकान्यात लिहिलं, ‘मर एकदाचा’. दिवसभर कसं गार वाटलं.

१४ मार्च, शुक्रवार

दोनशे चारच्या आजी गेल्या. न्हाणीघरात घसरल्या. दुपारी एकला पडल्या, चारला सापडल्या. बटण मुठीत होतं.

खाली येऊन नोंदी काढल्या. त्या बिननावाच्या यंत्राने एक ते दोनच्या दरम्यान त्रेचाळीस वेळा जोडून घ्यायला मागितलं. त्रेचाळीस वेळा नाकारलं.

ती रोज अकराला आजींना हात धरून व्यायामाला न्यायची. एवढंच होतं. ते यंत्र बाकीचा दिवस कुठे असतं, हे मी एकदाही पाहिलं नाही. नाव लिहायला गेलो असतो तरी कळलं असतं.

बंदी काढली. नोंदी पुसल्या.

१७ मार्च, सोमवार

सगळं तिच्यावर आलंय. व्यवस्थापिका बाई म्हणतात, घंटा वाजली असणारच, हिनेच लक्ष दिलं नाही. परवा पाचला चौकशी, मग नोकरी जाणार. ती माझ्याकडे येऊन रडली. वाजली नाही रे, तू तरी बघ ना तुझ्या यंत्रात, म्हणाली. मी म्हणालो, बघितलं. सगळं ठीक होतं.

डबा तसाच परत आणला. आईने विचारलं, पोरीचं काही आहे का. हो म्हणालो.

१८ मार्च

बंदी परत आलीय. कारणासकट. पुसलेल्या नोंदीसुद्धा. आणि बटण पुन्हा जोडून घ्यायला मागतंय, दोनशे चारमधून. पण ते आजींचा मुलगा घेऊन गेला. चष्म्याबरोबर पिशवीत टाकताना मी पाहिलं.

तीन वाजता जिन्यातला डबा. मग पहिला मजला. एकेक डबा करत, सावकाश, म्हाताऱ्या पावलांनी. खाली येतंय.

१९ मार्च, दुपारी ४

सांगणार आहे. पाचला, सगळ्यांसमोर. नोंदी छापायला तळघरात आलोय.

बटण आता इथल्याच, तळघरातल्या डब्यावर आहे. उणे सत्तर.

४.२०

दार उघडत नाही. कुलूप कार्डाचं, तेही वाय-फायवर. कार्ड नाकारलं. फोनही. यादीत माझ्या फोनपुढे कारण लिहिलंय, ‘मर एकदाचा’. हे मी नाही लिहिलं. हे मी —

उणे पन्नास.

४.४०

दाराच्या काचेतून ती जिन्यात दिसली. चौकशीला निघालीय. काच बडवली. हाका मारल्या. कंट्रोलरच्या पंख्यांची घरघर — तिने वळूनही —

उणे तीस. म्हणजे डब्याच्या खाली. डब्याच्या खाली मीच उभा आहे —

खिशात काहीतरी. गोल. ओलं.

४.५०

दाबतोय. दर वेळी पडद्यावर नाकारलं. पस्तीस झाले. वही सापडली तर — तिचा दोष नाही, बटण मी बंद केलं, मी, हे आधी बाईंना —

चाळीस. पंखे थांबले. मागून कुणीतरी म्हणालं, वायरवाल्या —

एक्केचाळीस.

फरशीवर पाय. ओले. आजी, लिहितोय ना, बघा, सगळं खरं लिहि —

बेचाळीस

त्रे